हकीमसाहेबांचा साग

चातुर्मास लागला की शेजारच्या मालतीबाई भिंतीवरून विचारतात, "यंदा काय सोडलंत?" कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, कुणी गोड. मालतीबाई पहिल्या महिन्यात शाक सोडतात, म्हणजे पालेभाजी म्हणून जे जे असतं ते सगळं घरात यायचं बंद. एकट्या सोडत नाहीत, अख्ख्या घराला सोडायला लावतात. माझं उत्तर ठरलेलं असतं, "सोडलं काही नाही. उलट एक जुडी वाढवली." त्या हसतात आणि मग कपाळाला आठी घालतात. मला ती आठी आवडते. ऐंशीला टेकले तरी माझ्यामुळे कुणाच्या कपाळाला आठी पडते, हे काय थोडं झालं.

यंदा मात्र मला मजा वाटली नाही. मालतीबाईंच्या सुनेला सहावा महिना लागलाय. परवा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दोन चादरी टाकल्या आणि कठड्याला धरून उभी राहिली, दम खात. मी खालून तिचे ओठ बघितले. असे ओठ मी एकदा बघितलेत. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि मी रोज भाजीवालीकडून दोन जुड्या जास्तच घेतेय.

आम्ही चारठाण्याचे. निजामाचं राज्य होतं, कुठं तरी लांब मोठी लढाई चालू होती, आणि त्यामुळं रॉकेल मिळत नाही एवढंच आम्हाला कळायचं. वडील मी चार वर्षांची असताना गेले. थोरला भाऊ, दादा, चुडाव्याला मास्तर होता. तिथून यायचं म्हणजे आगगाडी, मग मोटार, मग बैलगाडी, त्यामुळं तो सणावारालाच दिसायचा. घरात आम्ही तिघी: आई, दादाची बायको सुमनवहिनी आणि अकरा वर्षांची मी. दादानं सुट्टीत मला उर्दू शिकवली होती. कचेरीचा कागद वाचता आला पाहिजे, नाहीतर जो तो फसवतो, असं त्याचं म्हणणं. मी अलिफ-बे शिकले, जोडून वाचायला शिकले आणि मग माझ्या पायाला जमीन लागेना. गल्लीत कुणाकडं उर्दू कागद आला की मी आपणहून जायची. अर्थ कळो न कळो, वाचायची मात्र ठसक्यात.

वहिनीचं पहिलं लेकरू माहेरी आठव्या महिन्यात गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा आईनं तिला माहेरी पाठवायचं नाही असं ठरवलं आणि आषाढी एकादशीला देवापुढं पाणी सोडलं. लोक एक महिना शाक सोडतात, आईनं चार महिने सोडला. स्वतःसाठीच नव्हे, घरातल्या तिघींसाठी. "लेकरू हाती लागू दे," एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या चुलीवर पान चढलं नाही. वरण, पिठलं, भाकरी, दोडका, भोपळा, पुन्हा पिठलं.

आणि बाहेर काय चाललं होतं? बाहेर पावसानं सगळा शिवार हिरवा करून ठेवला होता. गोठ्याच्या मागं तांदुळजा नुसता माजला होता. बांधावर तरोटा, वाटेवर घोळ, कापसाच्या ओळीत पाथरी आणि कुंजर. कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. आमच्या शेतात खुरपायला येणारी गयाबाई संध्याकाळी ओटीत हे सगळं भरून घरी न्यायची. मी एकदा तिला विचारलं, तण कशाला नेतेस? ती म्हणाली, "तुमाला तण हाय बाय. आमाला कोरड्यास हाय." भाकरीसोबत जे खायचं ते कोरड्यास. तिला चार लेकरं होती, चारी काळी कुळकुळीत, आणि धावायला लागली की धरू म्हणता धरता येत नसत.

पानावर पावसाळ्यात चिखल उडतो, कीड बसते, म्हणून जुन्या लोकांनी हा नेम घातला असं मालतीबाई सांगतात. मान्य आहे. मग धुवा की. हात दिलेत, पाणी दिलंय. चिखल उडतो म्हणून कुणी बाहेर जायचं सोडलंय का?

श्रावण लागायच्या सुमाराला वहिनी बदलली. आधी चालताना थांबायला लागली, मग बोलताना. पाणी आणायला गेली की अर्ध्या वाटेत घागर खाली ठेवून बसायची. एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर ती चुलीपाशी पाठमोरी बसलेली, चुलीच्या कडेची माती नखानं खरवडून तोंडात टाकत होती. मला बघून तिनं तोंड पुसलं. "आत्याबाईंला सांगू नको," म्हणाली. मी तरी काय, मी पाटीवरची पेन्सिल खायची, मला त्यात फार काही वाटलं नाही. पण तिचे दात मातीनं भरले होते आणि ओठ पांढरे फटक होते, आणि ते दोन्ही एकाच तोंडात बघून मी बाहेर पळाले. मी आईला सांगितलं. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आईनं गाडी जुंपायला लावली आणि आम्ही जिंतूरला हकीमसाहेबांकडं गेलो. ते इकडचे नव्हते, वर हिंदुस्थानातून आलेले. पांढरीशुभ्र दाढी, बोलणं इतकं मऊ की आईला एक शब्द कळेना. त्यांनी वहिनीची खालची पापणी ओढून बघितली, नखं दाबून बघितली आणि मान हलवली. अंगात रक्त नाही, एवढं त्यांनी खुणांनी आईला पटवलं. मग मला विचारलं, "बिटिया, पढ़ लेती हो?" मी म्हणाले, जी हां. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता तो. त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्याच हातात दिली.

गाडीत बसल्यावर आईनं विचारलं, "काय लिहिलंय गं?" मी चिठ्ठी उलगडून ठसक्यात वाचली: सब्ज़ साग, रोज़ाना, दोनों वक़्त. सब्ज़ म्हणजे हिरवा, हे मला येत होतं. रोज़ाना म्हणजे रोज. दोनों वक़्त म्हणजे दोन वेळा. आणि साग म्हणजे साग, त्यात विचारायचं काय होतं? जिंतूरच्या डोंगरात साग उभाच होता, गाडीतून दिसत होता. "हिरवा साग द्यायचा रोज, दोन टाइम," मी सांगितलं. आईनं डोंगराकडं बघून हात जोडले.

आज लोकांना हे सांगितलं की ते हसतात. हसा. पण भाजी हे औषध असतं, ती कुणी चिठ्ठीवर लिहून देतं, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. औषध म्हणजे कडू, लांबून आणलेलं, काढा करून प्यायचं. गोठ्यामागं फुकट उगवतं ते कसलं औषध? माझी चूक एका शब्दाची होती, मान्य. पण घरात भाजी असती, तर तो शब्द वाचताना एकदा तरी मनात आली असती. सोडलेली गोष्ट आठवत नाही हो माणसाला.

गडी जंगलाच्या शिपायाची नजर चुकवून सागाची कोवळी पानं आणायचा. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की हात लाल होतात, खेड्यातल्या पोरांना ठाऊक आहे हे. आईनं ती पानं पाण्यात उकळली आणि पाणी लालभडक झालं. झालं, आईचा विश्वास दुप्पट झाला. रक्त कमी आणि औषध रक्तासारखं लाल, आणखी काय पाहिजे? बारा दिवस वहिनी तो काढा पीत होती. घोट घेतला की तिचं तोंड आवळून यायचं, डोळ्यात पाणी यायचं, पण तिनं कधी नको म्हटलं नाही. "अजून एक घोट," आई म्हणायची, तिची पाठ चोळत. मी चिठ्ठी देवापाशी ठेवली होती.

सातवा लागला आणि हिरवा चुडा भरायला चाँदबीला बोलावलं. चाँदबी बांगड्या घेऊन चारठाण्यापासून जिंतूरपर्यंत घरोघर हिंडायची. हिंदूचं घर असो, मुसलमानाचं असो, ती थेट माजघरात. तिला सगळ्यांच्या घरचं सगळं माहीत असायचं. ती वहिनीसमोर बसली, हात हातात घेतला आणि दाबून बांगडी चढवायला म्हणून लहान मापाची काढली. बांगडी दाबावी लागली नाही. सरळ गेली आणि हात खाली करताच परत बाहेर आली. चाँदबीनं आणखी लहान माप काढलं. तेही सैल झालं.

तिनं बांगड्या बाजूला ठेवल्या. "ये हात है की कागद है?" म्हणाली. "ताई, पोरीला खायला काय देतेस गं?"

आईनं सांगितलं, जिंतूरच्या हकीमसाहेबांचं औषध चालू आहे. मी उठून चिठ्ठी आणली आणि पुन्हा ठसक्यात वाचून दाखवली. सब्ज़ साग, रोज़ाना, दोनों वक़्त. चाँदबीला वाचता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. तिनं कोपऱ्यातला काढ्याचा तांब्या बघितला, सागाची पानं बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं.

"हकीमसाब की बीबी को मैं चुडियां भरती," ती म्हणाली. "वो रोज बोलती, साग लाओ, साग पकाओ. उनके मुलुख में साग बोले तो भाजी, ताई. पालंभाजी. लाकडाचा साग नई."

माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. त्या वयात मला पहिल्यांदा कळलं की नुसतं वाचता येणं म्हणजे काही येणं नव्हे. जिला अलिफ येत नव्हतं ती बरोबर होती, आणि मी बारा दिवस माझ्या वहिनीला लाकूड पाजलं होतं. मी रडायला लागले. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आईचा चेहरा असा झाला होता की तो मला आजही बघायचा नाही. ती देवघराकडं बघत होती. हकीम म्हणत होता भाजी द्या, आणि भाजी तिनं देवाला दिलेली होती, ह्याच लेकरासाठी.

"चार महिन्यांचं बोललेय मी," ती शेवटी म्हणाली. "मोडलं आणि काही झालं तर?"

तेव्हा सुमनवहिनी उठली. भिंतीला धरून उठली. घरात तिचा आवाज कधी स्वयंपाकघराबाहेर आलेला मला आठवत नाही. ती मागच्या दारानं गोठ्याकडं गेली, चिखलात उकिडवी बसली आणि तांदुळजा खुडायला लागली. आई दारात जाऊन उभी राहिली. मी आईच्या मागं, चाँदबी माझ्या मागं.

"सुमन, व्रत हाय घरात," आई म्हणाली.

वहिनीनं मागं बघितलं नाही. पदरात पानं टाकत म्हणाली, "व्रत तुमचं हाय आत्याबाई. लेकरू माझं हाय. गेल्या खेपेला मी गप बसले. आता न्हाई बसायची."

माझ्या आठवणीत त्या वेळी पाऊस नव्हता, वारा नव्हता, काही नव्हतं. फक्त देठ मोडल्याचा आवाज होता. तांदुळज्याचा कोवळा देठ मोडताना बारीक आवाज होतो, ज्यांनी खुडलाय त्यांनाच तो माहीत असतो. आई ताडताड बोलेल, रडेल, आत जाऊन देवापुढं बसेल, असं मला वाटत होतं.

आई म्हणाली, "दोन पाण्यांतून धुऊन घे. पावसाची माती बसलेली असती."

एवढंच. मग तिनं पदर खोचला, पायरी उतरली आणि वहिनीच्या शेजारी बसून खुडायला लागली.

त्या संध्याकाळी गयाबाईला बोलावलं, कारण आमच्यापैकी कुणालाच रानातली भाजी धड करता येत नव्हती. तिनं आमची पितळी पातेली बघून नाक मुरडलं. "काळी कढई काढा," म्हणाली. लोखंडी कढईत तेल, ठेचलेला लसूण, लाल मिरची, वरून मूठ-मूठ पानं. एवढा मोठा ढीग आणि शिजून ओंजळभर. "एवढ्यानं काय होतंय, आनखी खुडा," गयाबाई म्हणाली. "चिमटीनं खाल्ली तर भाजी अंगी लागत न्हाई. ताटभर पायजे. आन रोज पायजे." गयाबाईनं हे हकीमसाहेबांची चिठ्ठी न बघता सांगितलं होतं. वहिनीनं त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या, वरून लिंबू पिळून. मी तिच्यासमोर बसून प्रत्येक घास मोजला.

मग घोळाची आंबट भाजी, तरोट्याची डाळ घालून, ज्वारीच्या कण्या घालून अंबाडी, शेवग्याचा पाला, पाथरी कच्चीच मीठ लावून. थंडी पडायला लागली तेव्हा करडईची कोवळी पानं आली. हरभऱ्याचे शेंडे खुडताना बोटं आंबट व्हायची आणि मी ती चाटत घरी यायची. चुलीची माती वहिनीनं कधी सोडली ते तिलाही कळलं नाही. कार्तिकात ती बाळंत झाली. मुलगा झाला आणि असा रडला की गयाबाईनं बाहेरूनच देवाला हात जोडले. बाळाला बघायला चाँदबी आली तेव्हा तिनं वहिनीच्या हातात बांगड्या भरल्या. त्या दाबून भराव्या लागल्या.

आता कुणी शहाणं मला सांगतं की तेवढ्यानंच सगळं झालं असं नसतं हो, नशीब असतं, प्रकृती असते. असेल. मी काही डॉक्टर नाही. पण मी ते ओठ आधी बघितलेत आणि नंतर बघितलेत. माझ्याशी वाद घालायचा असेल त्यानं आधी भाकरीएवढी भाजी खावी, मग बसावं. हल्ली लोक वरणावर चार पानं कोथिंबीर टाकतात आणि हिरवं खाल्लं म्हणतात. सणाला पालक आणतात, त्यातही पनीरच शोधतात. तांदुळजा मागितला तर मुलं मोबाइलवर चित्र शोधायला लागतात. तो भाचा, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं, तोसुद्धा सत्तरीला आला तरी मेथीचे देठ ताटाच्या कडेला काढतो. मी त्याला समोर बसवून खायला लावते. त्याला माझी भीती वाटते, वाटू दे.

पण एक गोष्ट मला पुष्कळ वर्षं कळली नव्हती. त्या दिवसापासून आमच्या घरात रोज पालेभाजी शिजायची, आई स्वतः शिजवायची, आणि तिच्या ताटात ती नसायची. आम्हाला वाटलं चार महिन्यांचा नेम आहे, संपेल. कार्तिक गेला. वर्ष गेलं. निजामाचं राज्य गेलं, शाळेतली भाषा बदलली, आईचं ताट बदललं नाही. भाजीत मीठ बरोबर आहे की नाही हे ती नुसत्या वासावर सांगायची आणि कधी चुकायची नाही. विचारलं की म्हणायची, मला नाही आवडत. आणि आम्ही बिनडोक, आम्ही ते खरं मानलं.

शेवटच्या दुखण्यात मी तिला परभणीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली. अगदी तशीच. "आजी, रक्त कमी आहे. पालेभाजी खात जा," ते म्हणाले. आई माझ्याकडं बघून किंचित हसली.

"ती मी देऊन टाकली," ती म्हणाली. "तिघींचं बोलले होते. तुमच्या दोघींचं मोडलं, मग त्याच्या बदल्यात माझं एकटीचं जन्मभराचं करायला नको का?"

पस्तीस वर्षं. मला तिचा इतका राग आला की मी दवाखान्याच्या बाहेर जाऊन उभी राहिले. अजून येतो. देवाला भाजीची जुडी घेऊन काय करायचं होतं? तिला वाढायचं काम माझं होतं, आणि मी बघितलंसुद्धा नाही तिच्या ताटात काय आहे. म्हणून मी रोज दोन वाट्या खाते, एक माझी आणि एक तिची. चातुर्मासात तीन. कुणाला हे पाप वाटत असेल तर ते माझ्या नावावर लावा.

आज सकाळी तांदुळजा आणला. निवडला, धुतला, काळ्या कढईत केला, ती कढई अजून आहे. मोठी वाटी भरली, वर लिंबाची फोड ठेवली आणि भिंतीवर नेऊन ठेवली. मालतीबाई तुळशीपाशी होत्या. मी म्हणाले, "ही तुमच्या सुनेला. तुमचं व्रत तुम्ही खुशाल पाळा, तिला मधे घेऊ नका."

त्यांनी वाटीकडं बघितलं. मग वर गच्चीकडं बघितलं, तिथं ती पोरगी कठड्याला धरून उभी होती. कपाळाला आठी पडली. ह्या खेपेला मला ती आवडली नाही, मी भांडायच्या तयारीनं उभी होते. आईचं, वहिनीचं, लाकडाच्या काढ्याचं, सगळं सांगायला तोंडाशी आलं होतं. मालतीबाईंनी हात पुसले, वाटी उचलली आणि नाकाशी नेली.

"नीट धुतलीय ना?" त्यांनी विचारलं.

"दोन पाण्यांतून," मी म्हणाले.